पार्श्वभूमी : टेस्टचा निकाल यंत्राला वाचता कसा येऊ लागला

ऐरोली, महापे, घणसोली. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या आयटी पार्कांत रात्रभर सॉफ्टवेअर तपासणाऱ्या टेस्ट आपोआप धावत असतात. सकाळी ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने मंडळी पोहोचेपर्यंत डॅशबोर्ड हिरवा (सगळं पास) किंवा लाल (काहीतरी फेल) झालेला असतो. हा रंग कोणी माणूस ठरवत नाही. टेस्ट चालवणारा प्रोग्राम एक फाइल लिहितो आणि बिल्ड सर्व्हर, म्हणजे कोड जुळवून टेस्ट आपोआप धाववणारा संगणक, ती वाचतो. बहुतेक ठिकाणी ही फाइल ‘जेयूनिट एक्सएमएल’ या नावाने ओळखली जाते (एक्सएमएल म्हणजे खुणांच्या चौकटीत माहिती लिहायची पद्धत), मग टेस्ट जावाच्या असोत, पायथनच्या असोत की जावास्क्रिप्टच्या. जावाच्या एका साधनाचं नाव सगळ्यांना कसं चिकटलं, हे समजायला १९८७ पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षीच्या डिसेंबरात लॅरी वॉल यांनी पर्ल या प्रोग्रामिंग भाषेची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. सोबत भाषेच्या स्वतःच्या टेस्ट होत्या आणि त्यांचा निकाल अगदी साधा छापला जाई. पहिल्या ओळीत ‘१..४’, म्हणजे एकूण चार टेस्ट. मग ‘ओके १’, ‘ओके २’, ‘नॉट ओके ३’ अशी प्रत्येकीला एक ओळ. एक छोटी स्क्रिप्ट या ओळी मोजून एकंदर निकाल सांगे. पुढे पर्ल ५ च्या काळात टिम बन्स आणि आंद्रेआस क्योनिग यांनी हे काम ‘टेस्ट हार्नेस’ या मॉड्यूलमध्ये आणलं, आणि नंतर या रिवाजाला ‘टेस्ट एनिथिंग प्रोटोकॉल’, म्हणजे टॅप, हे नाव मिळालं.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत हुशार गोष्ट म्हणजे ती पहिली ओळ. फेल झालेली टेस्ट ओरडून सांगते, तिची फारशी चिंता नसते. धावलीच नाही ती टेस्ट गप्प राहते. हजेरीपटावर पट किती हे लिहिलेलंच नसेल, तर गैरहजर पोर कोणाच्या लक्षात येणार? ‘१..४’ छापून प्रोग्राम तिसऱ्या टेस्टनंतर कोसळला, तर वाचणाऱ्या स्क्रिप्टला एक कमी भरली हे लगेच कळतं. आकडा शेवटी छापायचीही मुभा टॅपमध्ये आहे. मग तो आकडा आलाच नाही, की काहीतरी अर्धवट राहिलं असं समजायचं.

जीसीसी या कंपायलरच्या (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामच्या) टेस्ट चालवणाऱ्या डेजाग्नू या साधनाने दुसरी वाट धरली. त्यात पास आणि फेल यांच्या जोडीला ‘फेल होणं अपेक्षित होतं आणि झाली’, ‘अपेक्षित नसताना पास झाली’, ‘निकाल लागला नाही’, ‘टेस्ट केलीच नाही’ आणि ‘इथे लागू नाही’ अशा वेगळ्या अवस्था आहेत. नंतरच्या अनेक फॉरमॅटना एवढी बारकाई जमली नाही.

आता जेयूनिट, म्हणजे जावातल्या टेस्ट लिहायचं आणि चालवायचं साधन. केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ मध्ये ऊप्स्ला या प्रोग्रामिंगविषयक परिषदेला जाताना विमानातच ते लिहायला घेतलं, हा किस्सा बहुतेकांना ठाऊक असतो. यंत्राने वाचायची एक्सएमएल फाइल मात्र त्यात नव्हती. ती आली अ‍ॅपाची अँट या बिल्ड साधनातून, म्हणजे कोडपासून प्रोग्राम जुळवणाऱ्या साधनातून. अँटचं एक टास्क जेयूनिटच्या टेस्ट चालवून निकाल एक्सएमएलमध्ये लिही आणि दुसरं टास्क त्यातून एचटीएमएल अहवाल बनवी. फाइलचा घाट त्या अहवालाच्या सोयीचा होता : वर टेस्टसूट (टेस्टचा गट), तिच्या माथ्यावर एकूण टेस्ट, फेल आणि एरर यांचे आकडे, खाली एकेक टेस्टकेस.

त्याच सुमाराला नवी मुंबईसह आपल्याकडच्या कंपन्यांत टेस्टिंग म्हणजे बहुतांशी हाताने काम आणि एक्सेल शीट. पास-फेलचा रकाना भरायचा आणि ती शीट क्लायंटला मेल करायची. जिथे ऑटोमेशन होतं तिथे मर्क्युरी कंपनीची विनरनर आणि क्यूटीपी ही साधनं. त्यांचा निकाल त्यांच्याच खिडकीत उघडून बघायचा, आणि तो परत शीटमध्ये उतरवायला माणूस लागायचाच. (२००६ मध्ये एचपीने मर्क्युरी विकत घेतली. शीट तरीही राहिली.)

चित्र बदललं ते निकाल वाचणाऱ्या सर्व्हरमुळे. सन कंपनीत कोहसुके कावागुची यांनी २००४ मध्ये हडसन हा असा सर्व्हर लिहायला घेतला. सन विकत घेणाऱ्या ओरॅकलशी वाद झाल्यावर २०११ मध्ये त्याचं जेंकिन्स झालं. हा सर्व्हर अँटची एक्सएमएल फाइल वाचत असे, आलेख काढत असे, कालपासून कोणती टेस्ट नव्याने फेल होतेय ते दाखवत असे. मग बाकीच्या साधनांनी सरळ हिशेब केला : जेंकिन्सला कळतं तेच लिहू. कोणत्याही समितीने हा फॉरमॅट ठरवला नाही, त्याचा सर्वमान्य अधिकृत आराखडाही कधी नव्हता. त्यामुळे पोटभाषा झाल्या. पायथनच्या पायटेस्ट या साधनामध्ये ‘एक्सयूनिट१’ आणि ‘एक्सयूनिट२’ असे दोन प्रकार सांभाळावे लागले आणि २०२० च्या ६.० आवृत्तीत दुसरा प्रकार मूळ निवड झाला. दुसरी कटकट रंगांची. टर्मिनलवर लाल-हिरवी अक्षरं उमटवणारं एस्केप चिन्ह एक्सएमएल १.० मध्ये चालतच नाही. टेस्टच्या आउटपुटमधून ते तसंच फाइलमध्ये गेलं, तर वाचणारा प्रोग्राम अख्खी फाइल नाकारतो.

पण खरी उणीव वेगळी होती. बेरजेचे आकडे फाइलच्या माथ्यावर, म्हणून अनेक साधनं सगळ्या टेस्ट संपल्यावरच फाइल लिहितात. मध्येच प्रक्रिया मेली तर फाइलच नाही. आणि जुनी फाइल फोल्डरमध्ये पडून असेल तर कालचा हिरवा रंग आजचा म्हणून खपायची भीती. जेंकिन्सने यासाठी तपासणी ठेवली आहे : अहवाल सापडले पण एकही नवा नाही, टेस्ट धावल्या का, असं तो विचारतो. नव्या मुलामुलींना हा संदेश विचित्र वाटतो. तो कटकट समजून बंद करण्याआधी त्याचं कारण त्यांना सांगायला हवं.

पुढची दुरुस्ती घटनांच्या नोंदीतून आली. फेब्रुवारी २०१८ मधल्या गो या भाषेच्या १.१० आवृत्तीने निकाल जेसन या साध्या मजकुराच्या फॉरमॅटमध्ये द्यायची सोय केली. त्यात प्रत्येक घटनेला एक ओळ : टेस्ट सुरू झाली, आउटपुट आलं, पास झाली, फेल झाली. सुरू झाल्याची ओळ आहे आणि संपल्याची नाही, की कुठे अडकलं ते दिसतं. सुरूच न झालेली टेस्ट मात्र यातही दिसत नाही. त्यासाठी आधी जाहीर केलेला आकडाच लागतो. लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) टेस्ट आजही टॅपचंच केटॅप हे रूप वापरतात. कर्नल कोसळला तर कन्सोलवर तोवर उमटलेल्या ओळी एवढाच पुरावा हाती राहतो, तेव्हा हे साहजिकच आहे.

जेयूनिटच्या चमूने स्वतः यंत्रासाठी फॉरमॅट आखला तो ‘ओपन टेस्ट रिपोर्टिंग’. २०२२ मध्ये जेयूनिट ५.९ सोबत तो प्रायोगिक म्हणून आला आणि तोही घटनांच्याच क्रमाने लिहितो. जगभर त्यांच्या नावाने चालणारी जुनी फाइल लिहिणाऱ्या वर्गाला त्यांच्याच कोडमध्ये ‘लेगसी’, म्हणजे जुन्या काळातलं, हे विशेषण लावलेलं आहे.