रिक मिअर्स

मिअर्स, रिक (जन्म ३ डिसेंबर १९५१). उघड्या चाकांच्या, म्हणजे चाके सांगाड्याबाहेर असलेल्या गाड्यांच्या, मोटारशर्यतींतला अमेरिकन चालक. १९७९, १९८४, १९८८ आणि १९९१ अशी चार वेळा त्याने इंडियानापोलिस ५०० ही ५०० मैलांची शर्यत जिंकली. चार विजय ए. जे. फॉइट, थोरला अल अन्सर आणि हेलिओ कास्त्रोनेव्हेस यांच्याही नावावर आहेत. पण तिथे सहा वेळा पोल, म्हणजे पात्रता फेरीतला पहिला क्रमांक, मिळवणारा मिअर्स एकटाच. कार्ट या अमेरिकेतल्या इंडी गाड्यांच्या शर्यतमालिकेचे विजेतेपद त्याने १९७९, १९८१ आणि १९८२ मध्ये पटकावले.

कॅन्सस राज्यातल्या विचिटाचा जन्म, पण तो वाढला कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डमध्ये. सुरुवात वाळवंटातल्या ऑफ-रोड शर्यतींपासून झाली. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच ऑन्टारियोच्या धावपट्टीवर तो पहिल्यांदा इंडी गाडीत बसला. १९७८ मध्ये त्याचा चालक मारिओ आंद्रेत्ती फॉर्म्युला वनमध्ये गुंतल्यामुळे संघमालक रॉजर पेन्स्कीला काही शर्यतींपुरता चालक हवा होता. मिअर्सने त्या अर्धवेळ हंगामात तीन शर्यती जिंकल्या आणि पुढची सगळी कारकीर्द पेन्स्कीकडेच काढली.

त्याचे वेगळेपण कळायला इंडियानापोलिसची धावपट्टी समजून घ्यावी लागते. एक फेरी अडीच मैलांची (सुमारे ४ किमी), त्यात चार वळणे, सगळी डावीकडे आणि वळणांवरचा आतल्या बाजूला झुकणारा उतार जेमतेम ९ अंशांचा. पात्रतेसाठी गाडी एकटी धावते आणि सलग चार फेऱ्यांची सरासरी धरतात, त्यामुळे एक वळण बिघडले तरी सगळा हिशेब कोसळतो. डावीकडे सहज वळावी म्हणून गाडीचे उजवे मागचे टायर डाव्यापेक्षा घेराने मोठे असते. पुढची चाके किंचित घसरत असली तर चालक वेग कमी करून सावरू शकतो. मागची सुटली तर मात्र सावरण्यासाठी स्टिअरिंग उजवीकडे फिरवताच पुढचे टायर एकदम पकड घेतात आणि गाडी नाकासकट बाहेरच्या भिंतीत जाते. या दोन्हींच्या मधली बारीक रेघ मिअर्सला इतरांपेक्षा नेमकी सापडत असे. १९८९ मध्ये त्याची सरासरी ताशी २२३.८८५ मैल (सुमारे ३६० किमी) होती, म्हणजे प्रत्येक फेरी ४०.२ सेकंदांच्या आसपास.

शर्यतीत मात्र तो घाई करत नसे. सुरुवातीचे तास गाडी जुळवण्यात जात: प्रत्येक पिटमध्ये, म्हणजे इंधन-टायरसाठीच्या थांब्यावर, पुढच्या पंखाचा कोन, टायरमधली हवा, आणि धावता धावता बसल्या जागेवरून अँटी-रोल बार (वळणात गाडीचे झुकणे आवरणारा दांडा). १९८८ मध्ये पोलवरून निघूनही गाडी वळणांत ऐकेना आणि तो एक फेरी मागे पडला. गाडी हळूहळू जमवत त्याने ती शर्यत जिंकली. त्याच्या स्वभावाचा हा सर्वांत चांगला नमुना, १९८४ मधल्या दोन फेऱ्यांच्या आघाडीपेक्षाही.

१९८२ मध्ये हाच हिशेब उलटला. शेवटच्या पिटमध्ये गॉर्डन जॉनकॉकच्या संघाने लागेल तेवढेच इंधन भरले, तर मिअर्सची टाकी काठोकाठ भरली. त्याआधी पिटमध्ये शिरताना त्याची गाडी पुढच्या संथ गाडीवर आपटली होती. सेकंद वाया गेले. दर फेरीला अंतर कापत शेवटच्या फेरीच्या पहिल्या वळणावर तो जॉनकॉकच्या शेजारी पोहोचला, पण आतली जागा मिळाली नाही. तो ०.१६ सेकंदाने हरला. तोवर त्या शर्यतीत इतका निसटता निकाल लागला नव्हता.

आदल्या वर्षी, १९८१ मध्ये, तो पिटमध्ये जळाला होता. इंधन होते मिथेनॉल. भरण्याच्या नळीचे तोंड नीट बंद न झाल्याने ते गाडीवर, मेकॅनिकांवर आणि त्याच्यावर उडाले आणि पेटले. मिथेनॉलची ज्वाला उन्हात जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे तडफडणाऱ्या माणसांना काय होते आहे, हे आसपासच्यांना क्षणभर कळलेच नाही. त्याच्या वडिलांनी अग्निशामक हाती घेऊन ती आग विझवली. चेहऱ्यावर, विशेषतः नाकावर, शस्त्रक्रिया करावी लागली. गाडीपासून सुटताच आपोआप बंद होणारी झडप नळीला असावी, हा आग्रह त्यानंतर वाढला.

सप्टेंबर १९८४ मध्ये कॅनडातल्या सॅनएअर या लहान धावपट्टीवर सरावात त्याची गाडी कठड्याखाली घुसली. त्या काळच्या गाड्यांत चालकाची पावले पार नाकाच्या टोकाशी असत. दोन्ही पावलांचा चुराडा झाला. डॉ. टेरी ट्रॅमेल यांनी ती वाचवली. पण उजव्या पावलाने ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबणे कायमचे अवघड झाले. रस्त्यासारख्या वळणावळणाच्या धावपट्ट्यांवर सारखा ब्रेक लागतो, अंडाकृतींवर तो क्वचितच लागतो. म्हणून नंतरचे त्याचे जवळजवळ सगळे विजय अंडाकृतींवरचे आहेत; १९८९ चा लगुना सेका हा अपवाद.

१९९१ मध्ये पात्रतेच्या आदल्या दिवशी सरावात गाडी भिंतीवर आदळली आणि पाय पुन्हा दुखावला. दुसऱ्या दिवशी त्याने राखीव गाडीत पोल मिळवला. शर्यतीच्या १८७ व्या फेरीत मायकेल आंद्रेत्तीने पहिल्या वळणावर बाहेरून त्याला मागे टाकले. बाहेरच्या बाजूला रबराचे कण साचतात, पकड कमी असते. तिथून पुढे जाणे धाडसाचे मानतात. मिअर्सने पुढच्याच फेरीत त्याच वळणावर, त्याच बाहेरच्या बाजूने आघाडी परत घेतली. त्याच्या संपूर्ण कारकिर्दीतले एकच दृश्य निवडायचे तर हे निवडावे.

१९९२ मध्ये इंडियानापोलिसच्या सरावात मनगट मोडले आणि डिसेंबरमध्ये, ४१ व्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली. एकूण विजय २९. पुढे पेन्स्की संघाच्या चालकांना तो अंडाकृती धावपट्ट्या शिकवत राहिला. त्याच्या हाताखाली घडलेल्या कास्त्रोनेव्हेसने २००१, २००२ आणि २००९ मध्ये इंडियानापोलिस जिंकले, आणि २०२१ मध्ये दुसऱ्या संघाकडून चौथ्यांदा जिंकून तो गुरूच्या पंक्तीला बसला.