औषध 'पचतं' म्हणजे नेमकं काय होतं?

ऑगस्टमध्ये सोयाबीनच्या पानांची चाळणी झाली, की कोल्हापुरात कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर हमखास ऐकू येतं, "औषध लागू पडंना, अळीला पचाय लागलंय." शेजारचा लगेच जोडतो, "सवय झालीया तिला." यातलं 'पचणं' विज्ञानाला जवळजवळ जसंच्या तसं मान्य आहे. 'सवय' मात्र नाही.

तक्रार जुनीच. अमेरिकेत कीटकशास्त्रज्ञ मेलँडर यांनी 1914 सालीच फळझाडांवरची खवले कीड गंधक-चुन्याला दाद देत नाही, असं छापून सांगितलं होतं. पुढे डीडीटी आलं आणि काही वर्षांतच घरमाश्या त्यालाही पुरून उरल्या.

का, याचा धागा सापडला भलतीकडेच, यकृतात. 1962 मध्ये जपानच्या ओमुरा आणि सातो यांनी तिथल्या एका रंगद्रव्याला 'पी-450' म्हटलं. कार्बन मोनॉक्साइडशी जोडलं की ते 450 नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं, एवढ्यावरून हे नाव. (त्याच वर्षी आपलं शिवाजी विद्यापीठ सुरू झालं, संबंध काही नाही, पण साल लक्षात राहतं.) हे रंगद्रव्य म्हणजे विकरं (एन्झाइम) निघाली; विषाला ऑक्सिजन जोडून ते बाहेर टाकण्याजोगं करणारी ही विकरं किडीच्या आतड्यातही सापडली. 1971 च्या एका अभ्यासात दिसलं, की नाना झाडं खाणाऱ्या अळ्यांत त्यांचं काम अधिक जोरात चालतं.

हे कागल-निपाणीकडच्या माणसाला पटकन पटेल. सोयाबीनवरच्या याच अळीचं पुस्तकी नाव 'तंबाखूची पाने खाणारी अळी'. निकोटीन म्हणजे तंबाखूनं स्वतःच तयार केलेलं कीटकनाशक. पंप पाठीवर येण्याच्या कितीतरी आधीपासून ही अळी विष चघळत आली आहे. 2017 मध्ये तिचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा विष निकामी करणाऱ्या जनुकांची कुटुंबं चांगलीच फोफावलेली दिसली. ही संख्या किडीगणिक बदलते: मधमाशीकडे पी-450 ची जनुकं पन्नाशीच्याही आत. मलेरियाच्या डासाकडे शंभरावर.

पण नुसतं जनुक असून भागत नाही, ते किती चालतं हेही महत्त्वाचं. 1980 च्या दशकात मावा किडीत विष बांधून ठेवणाऱ्या एस्टरेज या विकराच्या जनुकाच्या ऐंशीपर्यंत प्रती सापडल्या. 2002 मध्ये डीडीटीला दाद न देणाऱ्या फळमाशीत वेगळाच प्रकार आढळला: पी-450 च्या एका जनुकाशेजारी उड्या मारणारा डीएनएचा तुकडा येऊन बसला होता आणि जनुकाचं काम एकदम वाढलं होतं. नळ तोच, पण चावी पूर्ण उघडलेली.

अशी उघडी चावी घेऊन जन्मलेली कीड फवारणीतून वाचते, बाकीची मरते, आणि पुढची पिढी वाचलेल्यांची. यात कुणी काही शिकत नाही, म्हणून 'सवय' चूक. काउंटरवर "दुसरं काहीतरी द्या" म्हणणाऱ्याची खरी पंचाईत पुढेच आहे. डीडीटी पचवणारी ती फळमाशी इमिडाक्लोप्रिड या वेगळ्याच कीटकनाशकापुढेही तग धरते, आणि या दोन रसायनांचं एकमेकांशी काही नातं नाही.