मुशींच्या भिंती

माझ्या टेबलावर गॅलेनाचा, म्हणजे शिशाच्या खनिजाचा एक तुकडा आहे. सुपारीएवढाच, पण हातात घेतला की दचकायला होतं, इतका जड, पाण्याच्या साडेसातपट. हलकेच ठोकला तर भुगा होत नाही, चकचकीत चौकोनी ठोकळे निघतात. शिसं आणि गंधक यांच्या अणूंची मांडणीच तशी. पुण्याजवळ वाघोलीकडच्या खाणींत झिओलाइटचे सुरेख स्फटिक मिळतात, पण आपल्या काळ्या दगडात शिशाच्या शिरा नाहीत. त्यासाठी उदयपूरच्या दक्षिणेला, अरवलीतल्या जावर गावी जावं लागतं.

तिथल्या डोलोमाइटच्या डोंगरात दोनेक हजार वर्षांपूर्वीच माणसं शिरली होती, शिशासाठी आणि त्यातल्या चांदीसाठी. सुरुंग नव्हते. खडकाला लागून लाकडं पेटवायची, दगड तडकला की फोडायचा. वितळलेल्या शिशावर हवा खेळवली की त्याचं मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचं ऑक्साइड होतं, चांदी मागे उरते.

त्याच डोंगरात जस्तही होतं, पण ते भलतं नाठाळ. खनिजातून सुटायला त्याला हजार अंशांच्या वर तापवावं लागतं, आणि उकळतं मात्र ९०७ अंशांना. म्हणजे सुटतं तेच वाफ होऊन. हवा लागली की जळून पांढरा धूर!

जावरच्या कारागिरांनी ही वाफ खाली वळवली. जुन्या रसग्रंथांत, म्हणजे धातू आणि पाऱ्यावरच्या संस्कृत ग्रंथांत, ‘वृंताक मूषा’ येते, म्हणजे वांग्याच्या आकाराची मूस. तशा मातीच्या मुशीत खनिज आणि इतर माल भरायचा, मधोमध काडी खोचायची, तोंडाला मातीची नळी जोडायची आणि मूस चक्क उलटी ठेवायची. काडीमुळे माल खाली सांडत नाही. भट्टी पेटली की काडी जळून जाते आणि तिच्या जागी वाफेला वाट मिळते. (मला या सगळ्यात ही काडीच सर्वांत आवडते.) वाफ खालच्या गार भागात उतरते आणि जस्त थेंबाथेंबाने गळतं. १९८३ साली उत्खननात अशा भट्ट्यांची रांगच सापडली. एकेका भट्टीत ३६ मुशी.

मूस एकदाच कामाची. मग तिचं करायचं काय? आपल्या पेठांतल्या वाड्यांना घडीव दगडाची जोती. जावरला लोकांनी वापरलेल्या मुशीच रचून भिंती उभ्या केल्या. अजूनही तिथे पडक्या भिंतींतून त्यांची गोल टोकं ओळीने बाहेर डोकावतात.