अश्मांतर्गत सूक्ष्मजीव (अंटार्क्टिका)

अंटार्क्टिकातील कोरड्या दऱ्यांमध्ये वालुकाश्माच्या पृष्ठभागाखाली काही मिलिमीटर खोलीवर, दगडाच्या कणांमधील पोकळ्यांत वाढणारे शैवल, कवक, नीलहरित शैवले आणि जीवाणू यांचे समूह. त्यांची पहिली शास्त्रीय नोंद १९७६ साली प्रसिद्ध झाली. ज्या मूळ नमुन्यांवरून हा शोध लागला, ते गोळा करणारा शास्त्रज्ञ तेव्हा हयात नव्हता.

कोरड्या दऱ्यांचा प्रदेश मॅकमर्डो सामुद्रधुनीच्या पश्चिमेस आहे. पूर्व अंटार्क्टिकाकडून सरकत येणारा बर्फाचा थर पर्वतरांगेने अडतो, आणि जे थोडेफार हिम पडते त्यातले बरेचसे वाऱ्यावर वितळण्याआधीच उडून जाते. त्यामुळे सुमारे ४,८०० चौ. किमी. भागात उघडे खडक, रेती आणि गोठलेली तळी एवढेच दिसते. १९०३ साली ब्रिटिश शोधप्रवासी रॉबर्ट स्कॉट येथल्या एका दरीत उतरला तेव्हा त्याला सजीवाचे कुठलेच चिन्ह दिसले नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या निर्जनतेला वेगळेच महत्त्व आले. ‘नासा’ मंगळावर व्हायकिंग नावाची याने पाठवण्याची तयारी करत होती आणि पृथ्वीवर मंगळाच्या सर्वांत जवळ जाणारी जागा म्हणून या दऱ्यांकडे पाहिले जाई. नॉर्मन हॉरोविट्झ, रॉय कॅमेरॉन व जेरी हबर्ड यांनी १९७२ साली मांडले की येथील काही मातीच्या नमुन्यांत वाढवता येतील असे सूक्ष्मजीव सापडतच नाहीत. त्याचा अर्थ सरळ होता: इथे ही गत, तर मंगळावर आशा कसली?

रॉचेस्टर विद्यापीठातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वुल्फ विश्नियाक (१९२२–७३) यांना हे पटले नाही. बर्लिनमध्ये जन्मलेले विश्नियाक हे छायाचित्रकार रोमन विश्नियाक यांचे चिरंजीव. नाझी राजवटीच्या काळात हे कुटुंब अमेरिकेत आले. १९५९ पासून ते ‘नासा’च्या अनुदानावर परग्रहावरील जीव ओळखणारे उपकरण घडवत होते. माती पोषक द्रवात टाकायची आणि सूक्ष्मजीव वाढून तो द्रव गढूळ होतो का, हे प्रकाशाच्या साहाय्याने पाहायचे, अशी त्याची रचना होती. सहकारी त्यांच्याच नावावरून त्याला ‘वुल्फ ट्रॅप’ म्हणत. खर्च आवाक्याबाहेर चालल्यावर १९७२ साली हे उपकरण व्हायकिंगवरून वगळण्यात आले. बारा-तेरा वर्षांचे काम एका निर्णयाने यानाबाहेर राहिले. विश्नियाक मात्र मोहिमेच्या जीवशास्त्र गटात राहिले.

मंगळाचा दरवाजा बंद झाला, तरी अंटार्क्टिकाचा प्रश्न त्यांनी सोडला नाही. काचपट्ट्या तिथल्याच मातीत पुरून ठेवायच्या आणि काही काळाने काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या, ही त्यांची पद्धत साधी होती. प्रयोगशाळेत न वाढणारे जीव आपल्या जागी वाढत असतील, हा त्यामागचा तर्क. काचपट्ट्यांवर वाढ दिसली. प्रतिपक्षाने ती मान्य केली नाही. पुन्हा जाणे भाग होते. १० डिसेंबर १९७३ रोजी अ‍ॅसगार्ड पर्वतरांगेतील माउंट बाल्डर परिसरात ते ठेवलेले नमुने आणण्यासाठी एकटेच गेले आणि उतारावरून कोसळून मरण पावले. वय ५१ होते.

त्यांनी गोळा केलेल्या सामानात दगडांची एक पिशवी होती. हे दगड त्यांच्या स्वतःच्या प्रयोगासाठी नव्हते. फ्लोरिडा राज्य विद्यापीठातील इम्रे फ्रीडमन यांच्या विनंतीवरून त्यांनी ते उचलले होते. बुडापेस्टमध्ये १९२१ साली जन्मलेले फ्रीडमन जेरूसलेममध्ये असताना इस्रायलमधील नेगेव्ह वाळवंटातील खडकांच्या आत शैवले शोधत असत. उष्ण वाळवंटात जीव दगडात आसरा घेतात, तर थंड वाळवंटात का नाही, हा त्यांचा प्रश्न. विश्नियाक यांच्या पत्नी हेलन यांनी ते दगड फ्रीडमन यांच्याकडे पोहोचते केले. दगड फोडल्यावर आत हिरवा पट्टा दिसला.

विश्नियाक यांनी शोधासाठी प्राण दिले, अशी ही कथा सांगितली जाते. ती अपुरी आहे. ते मातीतल्या जीवांसाठी भांडत होते. दगडांत काय आहे हे त्यांना कळलेच नाही. शिवाय हिरवा पट्टा पाहणे आणि त्यातला जीव जिवंत वाढवून दाखवणे यांत मोठे अंतर असते. ते अंतर मनिलात जन्मलेल्या रोझेली ओकाम्पो यांनी तोडले. नेगेव्हमधील कामापासून त्या फ्रीडमन यांच्या सहकारी होत्या, पुढे पत्नी झाल्या. एरवी हट्टाने न वाढणारे हे जीव त्यांच्या हातून वाढत. जगातल्या टोकाच्या प्रदेशांतून त्यांनी जमवलेल्या संवर्धनांची (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या सूक्ष्मजीवांच्या नमुन्यांची) संख्या हजाराच्या पुढे गेली. फ्रीडमन व ओकाम्पो यांचा दगडांतील नीलहरित शैवलांवरील लेख ‘सायन्स’ नियतकालिकात सप्टेंबर १९७६ मध्ये आला तेव्हा व्हायकिंग याने मंगळावर उतरलेली होती. हेलन विश्नियाक स्वतः सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होत्या. कोरड्या दऱ्यांतील मातीत सापडलेल्या एका यीस्टचे वर्णन त्यांनी पुढे केले आणि त्या जातीला वुल्फ यांचे नाव दिले.

रचना व जीवनक्रम : सर्वाधिक अभ्यासला गेलेला समूह हा दगडाच्या आत पसरलेला शैवाक आहे, म्हणजे कवक आणि शैवल यांचे सहजीवन. गोड्या मसाल्यातले दगडफूल त्याच वर्गातले, पण ते उघड्यावर पापुद्र्यासारखे वाढते. इथला शैवाक तो आकारच सोडून देतो आणि त्याचे धागे क्वार्ट्झच्या कणांमधून वाट काढतात. फोडलेल्या दगडाच्या छेदात वरून खाली काळा, पांढरा व हिरवा असे पट्टे दिसतात. काळ्या पट्ट्यातील रंगद्रव्य तीव्र प्रकाश अडवते. क्वार्ट्झ अर्धपारदर्शक असल्याने हिरव्या पट्ट्यापर्यंत प्रकाशसंश्लेषणापुरता उजेड पोहोचतो.

पृष्ठभागावर जगणे कठीण होण्याचे कारण नुसती थंडी नाही. उन्हाळ्यात सूर्य दगडाला तापवतो, वाऱ्याची झुळूक त्याला पुन्हा शून्याखाली नेते, आणि हे थोड्या वेळात कितीदा तरी घडते. वारंवार गोठण्या-वितळण्याचा हा मारा पेशींना सोसत नाही. काही मिलिमीटर आत तापमानातले हे हेलकावे मंदावतात, आणि वितळलेल्या हिमाचे झिरपलेले पाणी तिथे काही दिवस टिकते. वर्षातले काही शे तासच चयापचय चालतो. बाकीचा काळ सारे गोठलेले. त्यामुळे या समूहांमधील कार्बनाचे चक्र पूर्ण व्हायला हजारो वर्षे लागतात, असा अंदाज आहे.

शैवाकामुळे कणांना जोडणारे द्रव्य विरघळते आणि दगडाचा वरचा पापुद्रा सुटतो. मग जीव आणखी आत सरकतात. असे सोललेले, रंगीबेरंगी ठिगळांचे खडक ओळखता येतात. आतल्या वस्तीची बाहेरून दिसणारी खूण तीच.

पुढील संशोधन : व्हायकिंगच्या प्रयोगांनी मंगळावरील माती तपासली होती, या शोधानंतर दगडाच्या आत पाहण्याचा विचार पुढे आला. चिलीतील अटाकामा वाळवंटात मिठाच्या खड्यांच्या आतही नीलहरित शैवले सापडली (२००६). अंटार्क्टिकातील खडकांमधून मिळालेले क्रायोमायसेस हे काळे कवक २००८–०९ मध्ये सुमारे दीड वर्ष आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाबाहेर ठेवण्यात आले आणि त्याचा काही अंश जिवंत परतला. फ्रीडमन यांनी उत्तरायुष्यात अंटार्क्टिकात सापडलेल्या मंगळावरील एका अशनीतील मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाच्या कणांच्या साखळ्या जैविक असल्याचे प्रतिपादन केले. ते बहुतेकांनी स्वीकारलेले नाही. रोझेली २००५ साली, इम्रे २००७ साली निधन पावले. मंगळावरील एका विवराला विश्नियाक यांचे नाव आहे.

अ‍ॅसगार्ड पर्वतरांगेतील लिनियस टेरेस या पठारावर यातील बरेचसे दीर्घकालीन मोजमाप झाले. तिथले ठिसूळ पापुद्रे पायाखाली सहज मोडतात. म्हणून अंटार्क्टिक कराराखाली ही जागा संरक्षित असून परवान्याशिवाय तेथे जाता येत नाही.