तणनाशकाला न जुमानणारं तण: हा गुण येतो कुठून, पसरतो कसा

फवारणीला पंधरा दिवस झाले तरी तण हिरवंगार दिसलं की पहिला संशय औषधावर जातो. औषध बोगस निघालं, नोझल खराब होतं, फवारल्यावर लगेच पाऊस आला. बऱ्याचदा हे खरंही असतं. पण एकाच जातीची दोन झाडं शेजारी-शेजारी उभी आहेत, एक वाळून काडी झालंय आणि दुसरं तरारलंय, असं दिसलं तर कारण त्या झाडाच्या रक्तात शोधावं लागतं.

तणाला औषधाची ‘सवय होते’ असं सर्रास म्हटलं जातं. तसं होत नाही. लाखो झाडांत एखाद्याच्या जनुकात बदल आधीच झालेला असतो. फवारणी बाकीच्यांना मारते आणि त्या एकाला रान मोकळं करून देते. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन हार्पर यांनी १९५६ मध्येच हा धोका मांडला होता. पुढच्याच वर्षी हवाईतल्या उसात २,४-डी या तणनाशकाला दाद न देणारं एक तण नोंदलं गेलं. ते आपल्या केन्याच्याच कुळातलं होतं.

तरी जगाचं लक्ष वेधलं गेलं ते १९६८ मध्ये. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या एका रोपवाटिकेत वर्षानुवर्षे सिमाझीन आणि अॅट्राझीन मारलं जात होतं. तिथे ग्राउंडसेल नावाचं तण मरेनासं झालं. हा गुण पुढच्या पिढीत कसा जातो, याचं उत्तर १९७८ मध्ये कॅनडात रानमोहरीच्या संकरातून मिळालं. आई प्रतिकारक असेल तर पिल्लं प्रतिकारक होत. बाप प्रतिकारक असून उपयोग नव्हता. बदल हरितलवकातल्या जनुकात होता आणि हरितलवक सहसा आईकडूनच येतं. म्हणजे वाऱ्यावर उडणाऱ्या परागातून हा गुण शेजारच्या शेतात जात नव्हता, त्याला बियांवाटेच जावं लागे. शिवाय या झाडांचं प्रकाशसंश्लेषण मंदावलेलं असायचं, त्यामुळे फवारणी नसेल तिथे ती मागे पडत.

ही सवलत पुढे मिळाली नाही. सल्फोनिलयुरिया गटातलं क्लोरसल्फ्युरॉन हे तणनाशक १९८२ मध्ये अमेरिकेत बाजारात आलं आणि १९८७ मध्ये आयडाहोत रानटी लेट्यूस त्याला पुरून उरलं. इथे बदल केंद्रकातल्या जनुकात होता. तो आई आणि बाप दोघांकडूनही येतो, आणि एकाकडून आला तरी झाड वाचू शकतं. ही बाब फार महत्त्वाची आहे. सुरुवातीला प्रतिकारक झाडं विरळ असतात आणि त्यांचा संकर साध्या झाडांशीच होतो. गुण अप्रभावी, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच दिसणारा, असता तर अशी संकरित पिल्लं फवारणीत मेली असती. प्रभावी गुण मात्र पहिल्याच पिढीपासून वाचतो.

ग्लायफोसेटच्या बाबतीत मात्र बरीच वर्षे निश्चिंती होती. १९७४ मध्ये ते विक्रीला आलं आणि त्याला दाद न देणारं पहिलं तण, ऑस्ट्रेलियातलं रायग्रास, १९९६ मध्ये नोंदलं गेलं. त्याच वर्षी अमेरिकेत ग्लायफोसेट सहन करणारं सोयाबीन आलं, पाठोपाठ कापूस. मग उभ्या पिकावर एकच औषध, हंगामामागून हंगाम. जॉर्जिया राज्यातल्या मेकन काउंटीत २००४ मध्ये कापसात पामर अमरँथ मरेना. ही वनस्पती आपल्या माठाची, राजगिऱ्याची बहीण. तिच्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, पराग वाऱ्याने जातो आणि एक मादी काही लाख बिया टाकू शकते.

ग्लायफोसेट झाडातलं ईपीएसपीएस हे विकर बंद पाडतं. पामरने ते विकर बदललं नव्हतं, वाढवलं होतं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात प्रतिकारक झाडांत या जनुकाच्या ५ पासून १६० पेक्षा जास्त प्रती आढळल्या. विष पुरं पडणार तरी कसं? २०१८ मध्ये कळलं की या प्रती गुणसूत्राबाहेर, डीएनएच्या सुट्या वर्तुळांवर असतात. पेशी विभागताना ही वर्तुळं गुणसूत्रांना चिकटून जातात आणि त्यांची वाटणी समसमान होत नाही. त्यामुळे एकाच आईच्या पिल्लांत कुणाला भरपूर प्रती मिळतात, कुणाला मोजक्या. मेंडेलच्या ठोकळ गुणोत्तरात हे बसत नाही. परागाबद्दल म्हणाल तर जॉर्जियातल्या प्रयोगात ३०० मीटरवरच्या मादी झाडांनाही प्रतिकारक संतती झाली. शेवटी तिथल्या कापूस उत्पादकांना मजूर लावून पुन्हा खुरपणी करावी लागली.

भारतातला मोठा धडा हरियाणाचा. गव्हातलं तण मंडूसी, जिला पंजाबात गुल्ली डंडा म्हणतात, आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाला जुमानेनाशी झाली आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला काही शेतकऱ्यांना हिरवा गहू चाऱ्यासाठी कापावा लागला. मंडूसी मुख्यतः स्वपरागित आहे, म्हणजे तिचा प्रवास परागाचा नाही. गव्हाच्या बियाण्यात मिसळून, कंबाईन हार्वेस्टरला चिकटून, शेणखतातून, पाटाच्या पाण्यातून तिचं बी गावोगाव गेलं. तणाचा संसार कसा चालतो ते ओळखल्याशिवाय त्याची वाट अडवता येत नाही, असं मला मनापासून वाटतं.

विदर्भाला हे सारं लागू आहे. मान्यता नसलेलं एचटीबीटी, म्हणजे ग्लायफोसेट सहन करणाऱ्या बीटी कापसाचं बियाणं इथे पेरलं जातं. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यात शेतकरी संघटनेने ते जाहीरपणे पेरलं. निंदणाला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही, ही अडचण शंभर टक्के खरी आहे. पण पूर्वी बांधावर, धुऱ्यावर जाणारं ग्लायफोसेट या बियाण्यामुळे अख्ख्या शेतावर जातं, आणि प्रतिकारक झाडांची निवड तिथेच सुरू होते. कापसातलं जनुक तणात उडी मारेल ही भीती मात्र अस्थानी आहे, कपाशीचा माठाशी संकर होत नाही. माठाचा माठाशी होऊ शकतो. मिसिसिपीत काटेमाठाला ग्लायफोसेट-प्रतिकार पामरशी झालेल्या संकरातूनच मिळाला, असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आलं. हा काटेमाठ आपल्या धुऱ्यावर, उकिरड्याशेजारी उगवतो तोच. म्हणून फवारणीनंतर वाचलेलं एखाद-दुसरं झाड ‘जाऊ दे’ म्हणून सोडू नये, फुलोऱ्यावर येण्याआधी मुळासकट उपटावं, आणि बी धरलेलं असेल तर ते उकिरड्यावर जाता कामा नये.