एनएफएल ड्राफ्ट: एकच स्टॉपवॉच सगळ्यांना कसं चालेल?

एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची (आपल्याकडचा पायाने खेळायचा नव्हे) व्यावसायिक लीग. दरवर्षी फेब्रुवारीच्या शेवटी अमेरिकेत इंडियानापोलिसला तीनशेच्या वर कॉलेज फुटबॉलपटू जमतात आणि त्यांची उंची, वजन, हाताची लांबी, पंजा, उडी असं सगळं मोजलं जातं, याला कम्बाइन म्हणतात. मग एप्रिलमध्ये ड्राफ्ट. आयपीएलसारखा लिलाव नसतो हा, 32 टीम्स आपापल्या पाळीने प्लेअर निवडतात आणि गेल्या सीझनला तळाला राहिलेल्या टीमचा नंबर पहिला. टीव्हीवर सगळ्यात जास्त चर्चा असते 40 यार्ड धावण्याची, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर. 2024 ला झेवियर वर्दी ते 4.21 सेकंदांत धावला, हा कम्बाइनचा रेकॉर्ड.

पण हा आकडा सगळ्या पोझिशन्सना एकसारखा लावला की घोळ होतो, आणि तो का होतो हे मला खरंच फार इंटरेस्टिंग वाटतं.

आता लाइनमन घ्या, समोरच्याला ढकलायचं किंवा अडवायचं हेच त्याचं काम. 136 किलोचा माणूस 5.2 सेकंदांत पळाला तर स्लो वाटतो, पण वस्तुमान गुणिले वेग केलं तर त्याचा संवेग साधारण 950 येतो आणि 4.4 सेकंदवाल्या 86 किलोच्या रिसीव्हरचा (फेकलेला बॉल झेलणाऱ्याचा) 715 च्या आसपास. शिवाय मॅचमध्ये लाइनमनवर सरळ 40 यार्ड पळायची वेळ क्वचितच येते, त्याचा निकाल पहिल्या दोन-तीन पावलांतच लागतो, म्हणून स्काउट, म्हणजे प्लेअर हेरणारे लोक, त्याचा पहिल्या 10 यार्डांचा टाइम बघतात. टॅकलचे (लाइनच्या टोकाला उभ्या लाइनमनचे) तर हातही बारकाईने बघतात, कारण ज्याचा हात आधी समोरच्याच्या छातीवर पोचला त्याचा कंट्रोल, आणि 34 इंच असले की सगळे खूश. तरी जो थॉमस या टॅकलचे साडेबत्तीसच होते, आणि तो 2023 ला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या यादीत, गेला.

रनिंग बॅक बॉल घेऊन गर्दीत घुसतो, तिथे वजन आणि वेग दोन्ही लागतं. त्यासाठी फुटबॉलवर लिहिणाऱ्या बिल बार्नवेलने स्पीड स्कोअर काढला: पाउंडातलं वजन गुणिले 200, भागिले 40 यार्डांच्या टाइमचा चौथा घात. 190 पाउंडवाला 4.4 ला पळाला तर 101, आणि 220 पाउंडवाला 4.5 ला पळाला तर 107, म्हणजे घड्याळात मागे असलेला इथे पुढे.

रिसीव्हरला तरी स्पीड लागणारच ना? लागतो, पण 2017 चा ड्राफ्ट बघा. जॉन रॉस 4.22 ला पळाला (तेव्हाचा रेकॉर्ड) आणि 9 व्या नंबरला निवडला गेला, दुखापती झाल्या आणि अख्ख्या करिअरमध्ये कॅच घेऊन कमावलेले त्याचे हजार यार्डही झाले नाहीत. कूपर कप 4.62 ला पळाला, 69 व्या नंबरला गेला आणि 2021 ला कॅच, यार्ड आणि टचडाउन (बॉल शेवटच्या रेषेपार नेणं) तिन्हींत लीगमध्ये पहिला आला. यामागे स्टॅटिस्टिक्स आहे. शाळेत फुटबॉल खेळणाऱ्या लाखो पोरांतून कम्बाइनपर्यंत येतात ते बहुतेक आधीच फास्ट असतात, त्यामुळे तिथे उरलेला फरक अगदी थोडा. आणि जो स्लो असूनही पोचलाय त्याच्याकडे दुसरं काहीतरी जबरदस्त असणारच, नाहीतर तो आधीच गळला असता. म्हणून गाळून आलेल्या गटात स्पीड आणि यश यांचा संबंध खऱ्यापेक्षा फिका दिसतो. याचा अर्थ स्पीड बिनकामाचा असा मुळीच नाही, फक्त तो सगळ्यांकडेच आहे.

क्वार्टरबॅकचं, म्हणजे बॉल फेकणाऱ्याचं, काम सगळ्यात अवघड. टॉम ब्रेडी 5.28 ला पळाला, 2000 ला 199 वा गेला आणि 7 सुपर बोल (लीगच्या फायनल) जिंकला. दोनतीन सेकंदांत कोण मोकळा आहे हे बघायचं, ठरवायचं आणि फेकायचं, हे कुठल्या घड्याळात येणार? वंडरलिक नावाची 12 मिनिटांत 50 प्रश्नांची बुद्धीची टेस्ट बरीच वर्षं घेतली, 2022 ला कम्बाइनमधून तीही काढून टाकली.

अर्थशास्त्रज्ञ केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (2017 चे नोबेलवाले) यांनी हिशोब केला, की एखादा प्लेअर त्याच पोझिशनच्या नंतर निवडलेल्या पुढच्या प्लेअरपेक्षा सरस निघतो का? उत्तर आलं साधारण 52 टक्के वेळा, म्हणजे नाणेफेकीपेक्षा जरासं बरं. म्हणून त्यांचं म्हणणं, एकाच पोरासाठी दोनतीन पिक (निवडायच्या पाळ्या) दुसऱ्या टीमला देऊन वर चढू नका, उलट खाली सरका आणि जास्त पिक घ्या. टीम्स मात्र अजूनही वर चढतात, विशेषतः क्वार्टरबॅकसाठी, आणि 2017 ला कॅन्सस सिटी तशीच वर चढली आणि रॉसच्या लगेच पुढचा, 10 वा पिक वापरून पॅट्रिक महोम्सला घेतलं, पुढे त्यांना सुपर बोल जिंकून देणारा क्वार्टरबॅक तो हाच.