मृत्युपत्र, सरकती फळी आणि बंद तेक्किनी

पछाडलेल्या घरात नातेवाईक गोळा करणाऱ्या लेखकाला भुताच्या आधी एक वकिली प्रश्न सोडवावा लागतो. ही मंडळी तिथं आली कशाला, आणि पहिल्या किंकाळीनंतर चपला घालून निघून का गेली नाहीत? उत्तर कच्चं असेल तर प्रेक्षक भुताला घाबरत नाही, पात्रांवर वैतागतो.

पक्कं उत्तर अमेरिकी रंगभूमीनं दिलं. जॉन विलर्डच्या 'द कॅट अँड द कॅनरी' (१९२२) या नाटकात सायरस वेस्ट नावाच्या धनाढ्याचं मृत्युपत्र त्याच्या मृत्यूनंतर २० वर्षांनी, मध्यरात्री, त्याच्याच घरात वाचलं जातं. सगळं घबाड ॲनाबेल या मुलीला मिळतं, पण अट एकच: ती शहाणी असली पाहिजे. ती वेडी ठरली तर दुसऱ्या पाकिटातलं नाव वारस होणार. या एका कलमात अख्खा चित्रप्रकार सामावला आहे. मुलीला मारायची गरजच नाही, घाबरवून वेडी ठरवली की काम झालं. भीतीला आर्थिक हेतू मिळाला आणि जमलेला प्रत्येक नातेवाईक संशयित झाला. वर्षानुवर्षं वाटणीचे दावे पाहिलेल्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

युनिव्हर्सल स्टुडिओनं १९२७ मध्ये त्यावर मूकपट काढला आणि दिग्दर्शन दिलं जर्मनीहून आणलेल्या पाउल लेनीकडे. मरणासन्न म्हाताऱ्याभोवती औषधाच्या बाटल्या मनोऱ्यांसारख्या उभ्या आणि त्यावर भल्यामोठ्या मांजरांची दुहेरी प्रतिमा. कॅमेरा पडदे फडफडणाऱ्या लांब बोळातून सरकतो. पडद्यावरची वाक्यंसुद्धा घाबरल्यासारखी थरथरतात. यंत्रणा मात्र नाटकातलीच राहिली: भिंतीतली सरकती फळी आणि तिच्यातून बाहेर येणारा केसाळ पंजा. ही युक्ती दिसते तितकी सोपी नाही. नटानं फळीकडे पाठ करून नेमक्या खुणेवर उभं राहायचं असतं. अर्धं पाऊल चुकलं की पंजा हवेत चाचपडतो आणि किंकाळीच्या जागी हशा येतो.

त्या काळच्या अमेरिकी चित्रपटांत भूत शेवटी खोटं निघे, मुखवट्यामागे कुणीतरी हावरट माणूस असे. खरोखरचं अमानवी काही न उलगडता तसंच ठेवण्याचं धाडस १९३१ च्या 'ड्रॅक्युला'नं केलं. पुढच्याच वर्षी जेम्स व्हेलनं 'द ओल्ड डार्क हाउस'मध्ये मृत्युपत्र बाजूला ठेवलं आणि पावसानं रस्ता बंद केला. इथं यजमान कुटुंबच विक्षिप्त आहे. त्यातल्या १०२ वर्षांच्या बापाची भूमिका एल्स्पेथ डजन या बाईनं केली, श्रेयनामावलीत नाव मात्र 'जॉन' डजन! 'द कॅट अँड द कॅनरी'वर १९३९ मध्ये पुन्हा निघालेल्या चित्रपटात विनोदी नट बॉब होपचं पात्र स्वतःच नट आहे. अशा नाटकांत पुढं काय होतं हे त्याला पाठ असतं, आणि विनोद त्यातूनच निघतो.

हिंदीत मेहमूदनं १९६५ मध्ये 'भूत बंगला' केला. त्यात आर. डी. बर्मन पडद्यावरही आहेत. पण भारतीय साचा घडला तो केरळात.

फाझिलचा 'मणिचित्रताळ' (१९९३) मृत्युपत्रावर उभा नाही, तो उभा आहे तरवाडावर. तरवाड म्हणजे मातृवंशीय एकत्र कुटुंबाचं घर. कायद्यानं ती पद्धत १९७५ च्या अधिनियमानं मोडली, घरं आणि त्यांच्या आख्यायिका उरल्या. कोलकात्याहून आलेले नकुलन आणि गंगा याच घरात राहणार म्हणतात, मामा थंपी विरोध करतो आणि शेवटी नातेवाईकही तिथंच मुक्कामाला येतात. 'तेक्किनी'त, म्हणजे दक्षिणेकडच्या कुलूपबंद भागात, तंजावरच्या नागवल्ली या नर्तकीची कथा कोंडलेली आहे. मोहनलालचा मनोविकारतज्ज्ञ डॉ. सनी बराच उशिरा येतो आणि आल्याबरोबर वात्रटपणा सुरू करतो. हा वात्रटपणा निव्वळ विरंगुळा नाही. आपण हसत असताना गंगेच्या वागण्यातल्या खुणा समोरून निघून जातात. शेवटी फिरत्या फळीवर नकुलनला उभं करून ती उलटवतात आणि नागवल्ली बनलेली गंगा त्याच्या जागी आलेल्या पुतळ्यावर वार करते. १९२२ मध्ये फळी सरकत होती ती बाईला वेडी ठरवण्यासाठी; इथं ती फिरते बाईला बरं करण्यासाठी. मनोविकारतज्ज्ञांना हा उपचार पटणार नाही, पण पटकथा म्हणून तो चोख आहे. गंगा साकारणाऱ्या शोभनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

कन्नड 'आप्तमित्र' (२००४), तमिळ 'चंद्रमुखी' (२००५) आणि हिंदी 'भूल भुलैया' (२००७) इथूनच निघाले. हिंदीचा दिग्दर्शक प्रियदर्शन मूळ चित्रपटाच्या दुसऱ्या युनिटचं काम करून आलेला होता. या रूपांतरांत एक नियम कसोशीनं पाळलेला दिसतो: नर्तकीची भाषा घरच्यांची नसते. मल्याळी घरात ती तमिळ बोलते, तमिळ घरात तेलुगू, हिंदीतल्या हवेलीत बंगाली. बिघाड झाला तो डॉक्टरच्या प्रवेशात. 'चंद्रमुखी'त रजनीकांतला सुरुवातीपासूनच पडद्यावर ठेवावं लागलं, त्यामुळे बाहेरचा माणूस उशिरा येऊन घर नव्यानं पाहतो ही सोय गेली. पुढं 'अरणमनै' (२०१४) आणि 'गोलमाल अगेन' (२०१७) यांत भूत खरंच असतं, मग डॉक्टरचीही गरज उरत नाही.

मराठीनं ते आधीच केलं होतं. महेश कोठारेंच्या 'पछाडलेला'त (२००४) दिलीप प्रभावळकरांचे इनामदार भुसनळे मेल्यावरही वाड्याचा ताबा सोडत नाहीत आणि भरत जाधवच्या अंगात शिरलेलं भूत लग्नासाठी हटून बसतं. लग्नाआधी मेलेला, पिंपळावर बसणारा मुंजा आपल्या ओळखीचाच. २०२४ मध्ये आदित्य सरपोतदारनं त्याला कोकणातून उचलून 'मुंज्या' या हिंदी चित्रपटात आणलं, तेव्हाही त्याची मागणी तीच होती: लग्न.